बुधवारचा चार्ज

खण्ण् करून चमचा फरशीवर पडला आणि टेबलाभोवतीची चार मोठी माणसं एकदम खाली वाकली.

टेबलाखाली आजोबांचं कपाळ मुलाच्या कपाळावर आपटलं. चमच्यावर आजीचा हात पडला, आजीच्या हातावर सुनेचा. "घ्या ना," "नको, तूच घे," असं म्हणत दोघींनीही हात मागे घेतले, आणि चमचा तिथेच राहिला. वर उंच खुर्चीत बसलेल्या बाळाला, भोपळ्याला, समोर एकही माणूस दिसेना. त्याला हा खेळ भलताच आवडला. त्याने कुस्करलेल्या केळ्याची वाटीही खाली ढकलून दिली.

"छान," दारातून आवाज आला. "एका चमच्यामागे चार माणसं. आमच्या दुकानात सेलच्या दिवशीसुद्धा एवढा स्टाफ नसतो."

आत्या आली होती. दोन मजली बुटांच्या दुकानाची मॅनेजर असल्याने ती कुणाच्याही घरात शिरताना आधी पायांकडे बघायची. भावाने फोन करून रविवारच्या नाश्त्याला बोलावलं, म्हणजे ते नाश्त्यासाठी नाही, एवढं तिला कळलं होतं.

कुणी हसलं नाही. बुधवारपासून या घरात सगळे एकमेकांशी पाहुण्यासारखे वागत होते. "चहा घेणार का?" "हो, त्रास नसेल तर." ज्या घरात आजवर दुसऱ्याच्या कपातला चहासुद्धा कुणी विचारून प्यायलं नव्हतं, तिथे आता 'त्रास नसेल तर' ऐकू येत होतं.

एकटी मुंगी तेवढी आपल्या कामात होती. शाळेच्या उंबरठ्यावर आलेली ही मुलगी दिसेल ती वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. तिचा धाकटा भाऊ अजून वर्षाचाही नव्हता आणि जिथे ठेवाल तिथे बसून राहायचा, म्हणून भोपळा. आज मुंगी आपल्या खुर्चीवर बसलीच नव्हती. भोपळ्याच्या खुर्चीला खेटून तिने लाकडी स्टूल ओढून आणलं होतं, गळ्यात आजोबांचा टॉर्च अडकवला होता, आणि पावाचा तुकडा चावताना नजर भावावर.

"बुधवारपासून अशीच आहे," मुंगीची आई हळूच आत्याला म्हणाली. "झोपतसुद्धा नाही धड. उठून पाळण्यापाशी जाऊन बसते. धसका घेतलाय पोरीने."

"घेणारच," आत्या म्हणाली आणि तिने पर्स टेबलावर ठेवली. म्हणजे कोर्ट सुरू झालं.

*

चार्ज, म्हणजे पाळीची जबाबदारी, देण्याघेण्याचं प्रकरण आजीआजोबांच्या नोकऱ्यांतून घरात आलेलं. आजी इस्पितळात वॉर्डची सिस्टर, आजोबा पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर. दोघांच्या ड्यूट्या पाळीच्या, आणि पाळ्या अशा जुळवलेल्या की एक घरात शिरतो तेव्हाच दुसरा बाहेर पडतो. पंपहाऊसमागच्या त्या दोन खोल्यांच्या घराच्या दारात बाहेर जाणारा विचारायचा, "चार्ज?" आणि आत येणारा म्हणायचा, "घेतला." मधल्या एका श्वासात कुणाला ताप आहे, कुणाचा गृहपाठ राहिलाय, दूध तापवलंय की नाही, सगळं सांगून व्हायचं. दोन मुलं अशी दारात वाढली.

आता दोघंही निवृत्त. दोघं दिवसभर घरात, आणि मुंगी-भोपळ्याचे आईबाबा दिवसभर कामावर. दोघांनी मिळून नातवंडं सांभाळायला काहीच हरकत नव्हती. पण एकाच वेळी, एकाच घरात, दोघांनी मोकळं असण्याची त्यांना सवयच नव्हती. सोफ्यावर शेजारी बसले की ते गाडीची वाट बघणाऱ्या दोन अनोळखी प्रवाशांसारखे दिसायचे. म्हणून सकाळ आजीची, दुपार आजोबांची, आणि मध्ये तोच जुना मंत्र.

लग्न होऊन आल्यावर मुंगीच्या आईला आधी याची गंमत वाटली आणि मग आवडच लागली. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची. काच केसाएवढी सैल राहिली तरी चालत नाही. या पद्धतीतही सैल काही नव्हतं. निदान बुधवारपर्यंत नव्हतं.

बुधवारी दुपारी घासायचं मशीन बंद पडलं आणि मालकाने तिला लवकर घरी पाठवलं. घराचं दार नुसतं ओढून घेतलेलं. आत पाळण्याशेजारी स्टुलावर मुंगी, गळ्यात टॉर्च, मांडीवर घडी घातलेला टॉवेल, ओठांवर बोट.

"शू. एक झोपलाय. गॅस बंद आहे. खिडकीला कडी आहे. चार्ज?"

"आजी कुठंय?"

"बाहेर गेली."

"आणि आजोबा?"

"खाली. पाण्याच्या मोटरीचा आवाज ऐकतायत."

"मग घरात कोण आहे?"

"मी," मुंगी म्हणाली. "आजीने दारातून विचारलं, चार्ज? मी म्हटलं, घेतला."

पुढचं मुंगीच्या आईला नीट आठवत नाही. झोपलेल्या भोपळ्याला तिने उचललं, तो रडायला लागला, मग ती रडायला लागली. तेवढ्यात आजोबा जिना चढून वर आले. हातात पाना, नाकाला ग्रीस, चेहऱ्यावर आनंद. "बेअरिंग गेलंय! मी म्हणत नव्हतो?"

आजोबांच्या मते त्यांची पाळी सुरूच झाली नव्हती. तोंडाने 'घेतला' म्हटल्याशिवाय कसला चार्ज? आजी आहे घरात, तोवर खाली डोकावून येऊ, असं त्यांचं गणित. आजीच्या मते आतून उत्तर आलं होतं. आवाज मुंगीचा होता हे तिला कळलं होतं, पण हल्ली बूट काढता काढता आजोबाच नातीला पुढे करायचे, "सांग गं, घेतला म्हणून." दोघंही आपापल्या नियमाने बरोबर होते, आणि घरात दोन लेकरं एकटी होती.

मुंगीची आई कुणाला एक शब्द वाकडा बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना वाटेतलं पाळणाघर मात्र ती बघून आली. पिवळ्या भिंती, आणि प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एकेक चित्र: छत्री, मासा, किल्ली. दोन जागा आहेत, पण सोमवारी सकाळपर्यंत सांगा, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. हे तिने फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. आणि सोमवार उद्यावर आला होता.

*

"तुम्ही मोटर बघायला गेलात, आप्पा," आत्या म्हणाली. "तुमची का ती मोटर? बिल्डिंगला माणूस नाही?"

"आहे ना. त्याला ऐकू येत नाही."

"बहिरा आहे?"

"छे, कान चांगले आहेत. मोटर काय म्हणते ते ऐकू येत नाही."

"आप्पा, विनोद नकोत."

"विनोद कुठे, बेअरिंग खरंच गेलं होतं. दोन दिवसांत अख्ख्या बिल्डिंगचं पाणी गेलं असतं आणि तुझ्या भावाने तोंडाला साबण लावून बोंब मारली असती." आजोबांनी कपाळ चोळलं. "पण चूक माझीच. लिहून घ्या. हिची नाही."

"मला कुणाला दोष द्यायचाच नाहीये," मुंगीची आई घाईने म्हणाली.

"का? देऊन टाक की," आजी म्हणाली. ती खाली बसून फरशीवरचं केळं पुसत होती. "दोष द्यायचा नसला की माणसं फार लांबून लांबून बोलतात बघ. वॉर्डात मी पोरींना रडेपर्यंत बोलायचे आणि मग चहा पाजायचे. दोन्ही झाल्याशिवाय पोटातलं जात नाही. बोल तू. चहा मी टाकते."

"आई, मला… मला नाही जमत तसं."

"हेच तर."

मुंगीचा बाबा मध्ये बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना तो रोज बाहेरून ओरडून सांगायचा, घाबरू नका, आलोच, बटणं दाबू नका. आज तोच मध्ये लटकला होता, आणि वरच्या मजल्यावरची माणसंही त्याची, खालचीही त्याचीच. कुठलं बटण दाबावं ते कळेना, म्हणून त्याने पावाला पुन्हा लोणी लावलं. आधी लावलेलं होतंच.

"अगं, सांग ना," तो बायकोला म्हणाला.

"तू सांग."

"तूच बघून आलीस."

"काय बघून आली?" आजीने वर पाहिलं.

मग मुंगीच्या आईने सांगितलं. पिवळ्या भिंती, खुंट्या, दोन जागा, उद्या सकाळ. सांगताना तिने चष्मा काढून पदर नसलेल्या कुडत्याच्या टोकाने पुसला; स्वच्छच होता तो.

भोपळा तेवढा "ब्बा" म्हणाला.

"बरोबर आहे वहिनीचं," आत्या म्हणाली. मुंगीच्या आईने चमकून तिच्याकडे पाहिलं. नणंद आणि भावजय एका बाजूला, हे या घरात याआधी फक्त सोफ्याच्या रंगावरून झालं होतं, आणि तेही दुकानातून घरी येईपर्यंत टिकलं नव्हतं. "अगदी बरोबर. आईचं वय बघा. गुडघे बघा. किती करायचं तिने? आणि आई, एक सांग, तू एवढ्या घाईने गेली कुठे होतीस?"

आजीचा हात केळ्यावर थांबला.

"भाजी आणायला," आजोबा म्हणाले.

"भाजी आणली नव्हती पण," मुंगीचा बाबा म्हणाला. "त्या दिवशी आपण अंडीच खाल्ली."

"महाग होती."

"सगळ्या भाज्या?"

"सगळ्या," आजोबा ठामपणे म्हणाले. आयुष्यभर त्यांनी दाब, पातळी, प्रवाह, सगळं काट्यावर खरं तेच वाचून सांगितलं होतं. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल व्हायचे. ते आत्ता टोमॅटोसारखे झाले होते. आजी दर बुधवारी कुठे जाते ते त्यांना ठाऊक होतं. तिनेच शपथ घातली होती: "पोरांना कळलं तर हसतील. जमलं की सांगेन." आता हे जमलं की नाही, ते मात्र तिने त्यांनाही सांगितलेलं नव्हतं. बुधवारी घरी आली तेव्हा केस ओले होते आणि घरात रडारड चालली होती.

*

मुंगीचा बाबा उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. त्याला बसून कधी काही सांगता आलं नव्हतं.

"मला पाळणाघराचं वाईट वाटत नाही," तो म्हणाला. "मुंगीला आवडेल तिथे. मला आठवतं काय माहितीय? मी बूट लपवायचो."

"कुठले बूट?" आत्या म्हणाली. बूट म्हटल्यावर ती ऐकणारच.

"आप्पांचे. कधी आईची चप्पल. दोघं दारात असायचे ना, एक आत येताना, एक बाहेर जाताना. तेवढ्यापुरते दोघं एकत्र दिसायचे. बूट सापडला नाही की तो वेळ वाढायचा. दोघं मिळून शोधायचे. आई टेबलाखाली बघणार, आप्पा कपाटावर. भांडायचे, हसायचे. मी मध्ये उभा."



"तरीच," आजोबा म्हणाले. "एकदा माझा बूट पिठाच्या डब्यात सापडला होता. साहेबांना काय सांगितलं मी तेव्हा? उंदीर म्हणालो. एवढ्या मोठ्या बुटाला उंदीर!"

"साहेबांनी मानलं?"

"मांजर पाठवली त्यांनी पंपहाऊसवर."

हसू आलं सगळ्यांना, बुधवारनंतर पहिल्यांदा, आणि ते जरा जास्तच वेळ चाललं, कारण कुणालाच पुन्हा मुद्द्यावर यायचं नव्हतं. आजी डोळे पुसत होती. ते हसण्याचं पाणी की दुसरं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मुद्द्यावर आणलं ते आत्यानेच. "ते सगळं गोड आहे. पण आई आता मोकळी व्हायला हवी."

"मोकळी होऊन काय करू?" आजीने विचारलं.

"माझ्याकडे ये ना. हवापालट होईल."

"किती दिवस?"

"बघू… म्हणजे… वर्षभर?"

"वर्षभर हवापालट?" आजोबा म्हणाले. "हवा बदलायचीय की धुऊन वाळत घालायचीय?"

आजीने हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि लेकीकडे पाहिलं. वॉर्डच्या दारातून रांगेने खाटा बघायची, तसं. "आल्यापासून चहाचा कप लांब सारतेयस. अंड्याच्या बशीकडे पाठ करून बसलीस. टाचांच्या बुटांशिवाय तू जन्मात घराबाहेर पडली नाहीस, आज सपाट घालून आलीस." ती थांबली. "कितवा?"

आत्याचा सगळा मॅनेजरपणा गळून खाली पडला. "तिसरा," ती पुटपुटली. "मी आज सांगणारच होते. सगळ्यांचं मिटलं की."

त्यानंतर जो गलका झाला त्यात खुर्ची पडली, आजोबांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला, भोपळा टाळ्या वाजवू लागला. मुंगीच्या आईने नणंदेला घट्ट मिठी मारली. आणि त्या मिठीतच तिच्या डोक्यात उजेड पडला.

"एक मिनिट, ताई." तिने आत्याला हातभर लांब धरलं. "म्हणजे माझी मुलं पाळणाघरात. आणि आई तुमच्याकडे?"

"अगं, तसं नाही वहिनी…"

"मग कसं?"

"म्हणजे तसंच आहे," आत्या म्हणाली. "पण तुझंही बरोबरच होतं ना. मी फक्त दुजोरा दिला."

"मी चार रात्री झोपले नाही! मला वाटलं, निदान ताईंना तरी माझं पटलं!"

"पटलंच होतं! जरा जास्तच पटलं होतं!"

दोघी हसत होत्या, पण हसता हसता दोघींनी आजीकडे पाहिलं, आणि दोघींच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता. आजीला तो ओळखू आला. खाटेवरचं माणूस घंटा दाबायच्या आधी जसं बघतं, तसं त्या बघत होत्या. त्या नजरेला उत्तर म्हणून तिचे पाय आयुष्यभर आपोआप उचलले गेले होते. आत्ताही ते उचलले जाणार, तेवढ्यात न्हाणीघराच्या बाजूने काहीतरी घासत, ओढत येत असल्याचा आवाज आला.

मुंगी होती. गलक्यात कुणाच्या लक्षात न येता ती उठली होती आणि दारामागची कापडी पिशवी फरफटत आणत होती. स्टुलापाशी पोचल्यावर तिने पिशवीत हात घातला, निळा रबरी टोप काढला आणि भोपळ्याच्या डोक्यावर चढवला.

"याला सर्दी होईल," ती म्हणाली. "सगळे दार उघडं ठेवून ओरडतायत."

टोप भोपळ्याला अगदी शोभला. पिशवीतून मागोमाग एक कुबट, अजून ओलसर टॉवेल आणि काळा पोहण्याचा पोशाख बाहेर लोंबला.

"हे कुणाचं?" मुंगीच्या बाबाने विचारलं.

"भाजी," आजोबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

*

"माझं आहे," आजी म्हणाली. "मी पोहायला शिकते. बुधवारी दुपारी तलावावर बायकांची वेळ असते."

"तू? पाण्यात?"

"मग काय जिन्यात पोहू?"

"आई, पण तू तर समुद्रावर गेलो तरी चपला हातात धरून…"

"म्हणूनच तर." आजी खुर्चीवर बसली. काम अर्धं पडलेलं असताना ती बसली, हे आधी कधी घडलं होतं ते कुणाला आठवेना. "तुझ्या बापाने गावभर पाणी पोचवलं. मी वॉर्डात माणसं न्हाऊ घातली, तुम्हाला न्हाऊ घातलं, आता यांना घालते. स्वतः घोट्याच्या वर कधी भिजले नाही. एकदा वाटलं, आपण सगळीच्या सगळी भिजून बघावं."

तिने भोपळ्याच्या कानावरचा टोप नीट केला.

"बुधवारी मला उशीर होत होता. वॉर्डात माझा नियम होता, समोरच्याचं तोंड बघितल्याशिवाय चार्ज द्यायचा नाही. पोरींना मी त्यावरून रडवलंय. आणि मी स्वतः दारातून आवाजावर निघून गेले. मुंगीचा आवाज आहे हे कळत होतं गं मला." हे ती सुनेकडे बघून म्हणाली. "आणि त्याच दुपारी मी पहिल्यांदा तरंगले. पाण्यावर आडवी. कान पाण्यात. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, बाई गं, कुणी हाक मारत नाहीये मला. किती बरं वाटत होतं! आणि इकडे ही दोघं…"

आजोबांनी आपली खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली. दोघं शेजारी बसले. या वेळी कुठल्याही गाडीची वाट बघत असल्यासारखे दिसत नव्हते.

मुंगीच्या आईला बुधवारपासून काय काय बोलायचं होतं. जिन्यात, दुकानात, काच घासताना तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, एकेक धारदार. आता त्यातलं एकही सापडेना. समोर ओल्या पिशवीसह बसलेली बाई तिला प्रथमच सासू, आजी, सिस्टर यांच्यापैकी कुणी वाटत नव्हती.

"किती वेळ तरंगलात?" तिने विचारलं.

आजीने वर पाहिलं. "श्वास धरला होता तेवढंच. मग घाबरले आणि तोंडात पाणी गेलं."

"श्वास नाही धरायचा. पोट वर करायचं."

"तुला येतं?"

"यायचं. शाळेत असताना."

"असं होय," आजी म्हणाली. एवढंच. पण ते तिने ठेवून घेतल्यासारखं म्हटलं.

"बुधवारची दुपार माझी," मुंगीची आई म्हणाली. "मालकाशी बोलते. त्याऐवजी रविवारी सकाळी मागच्या खोलीत बसेन. नाहीतरी रविवारी इथे नाश्त्याला कोर्ट भरतं, त्यापेक्षा काचा बऱ्या." मग तिचा आवाज जरा वेगळा झाला. "पण आई, आता एक बोलते. मी घाबरले होते. खूप. आणि तुमचा दोघांचा राग आला होता. खूप."

"हां," आजी म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले. "हे बरं झालं. चहा टाकते."

"बस. मी टाकतो," आजोबा उठले.

"आणि माझं काय?" आत्याने विचारलं. "माझं कुणी बघणार आहे की नाही?"

"तुझं बाळ आलं की येऊ आम्ही. दोघं," आजी म्हणाली. "एकदम. एकेक नाही. आणि बुधवारी सुट्टी."

"तलाव आहे माझ्या घराजवळ."

"बघितलाय मी," आजी म्हणाली. "उथळ आहे."

उद्या सकाळी पाळणाघराला नको म्हणून कळवायचं, हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही, पण ठरल्यासारखंच होतं. फक्त मुंगीच्या आईची नजर पुन्हा स्टुलाकडे गेली. मुंगी तिथेच होती, पाठ ताठ, टॉर्च दोन्ही हातांत. डोळ्यांखाली काळं आलेलं. मघाशी पिशवी आणली तेव्हा तिचे पाय झोपेने अडखळत होते.

"पण हिचं काय करायचं?" ती म्हणाली. "हिची भीती कशी घालवायची?" आणि ती मुंगीसमोर गुडघ्यांवर बसली. "बाळा, तुला अजून भीती वाटते का? बुधवारची?"

"नाही," मुंगी म्हणाली.

"मग झोपत का नाहीस, राणी?"

मुंगीने आईकडे असं पाहिलं की एवढंही कळत नसेल तर काय बोलायचं. "झोपू कशी? माझ्याकडनं चार्ज कुणी घेतलाच नाही."

चहाचं भांडं हातात घेऊन आजोबा स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"मी तुला विचारलं होतं," मुंगी आईला म्हणाली. "बुधवारी. चार्ज? म्हणून. तू रडायलाच लागलीस. मग आजोबा रडले. मग आजी आली आणि ती पण. कुणी घेतलाच नाही. मग तो माझ्याकडेच राहिला ना."

आजीने तोंडावर हात ठेवला. सगळ्या वॉर्डांच्या सगळ्या सिस्टर्समध्ये अशी एकही मिळाली नसती. बुधवारपासून ही पोर पाळीवर होती.

"खरंच की," मुंगीची आई म्हणाली. तिने पाठ ताठ केली, कारण समोरची पाठ ताठ होती. "चूक झाली आमची. आता दे. तोंड बघून दे."

मुंगीने स्टुलावरून उतरून तिच्या डोळ्यांत पाहिलं. "एक उठलाय. टोप घालून बसलाय. केळं खाली सांडलंय, आजीने अर्धं पुसलंय. आत्याला बाळ होणार आहे. गॅस…" तिने मान वळवली. "आजोबा, गॅस?"

"पेटवलाय, मॅडम. चहासाठी."

"गॅस चालू आहे. आजोबा आहेत तिथे. चार्ज?"

"घेतला," मुंगीची आई म्हणाली.

मुंगीने गळ्यातला टॉर्च काढून तिच्या गळ्यात घातला. आणि मग एखाद्या पिशवीचा बंद सुटावा तशी ती सैल झाली, आईच्या मांडीवर कोसळली, डोकं खांद्यावर, पाय कुठेतरी. मागे आजी-आजोबा साखरेवरून कुजबुजत भांडत होते. आत्या सपाट बूट काढून पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. मुंगीचा बाबा भोपळ्याला टोपासकट उचलत होता. मुंगीच्या आईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. केसांना केळ्याचा वास होता.

"झोप आता. माझ्याकडे आहे सगळं."

"हं." डोळे मिटले होते. श्वास लांबत चालला होता. मग एक डोळा अर्धवट उघडला.

"आई, आजी बुधवारी तुला देणार."

"हो."

"आणि आजोबा पण तुला देणार. बाबा पण तुलाच देतो."

"हो गं. झोप."

"मग तू पोहायला कधी जाणार?"